एकाच धाग्याची दोन टोकं: कॅडहेरिन-२३ आणि प्रोटोकॅडहेरिन-१५

ऐकण्याचं जीवशास्त्र वाचायला घेतलं की कॅडहेरिन-२३ आणि प्रोटोकॅडहेरिन-१५ ही दोन प्रथिनांची नावं हटकून जोडीनेच समोर येतात. कुळ एक, कॅल्शियमवाचून दोघांचंही पान हलत नाही आणि पत्ताही एकच. मग याचं काम त्याच्या नावावर खपतं.

आंतरकर्णातल्या केशपेशींच्या माथ्यावर ताठ तंतूंच्या ओळी असतात, पायऱ्यांसारख्या चढत्या उंचीच्या. आखूड तंतूच्या शेंड्यापासून शेजारच्या उंच तंतूच्या अंगापर्यंत जेमतेम दीडशे नॅनोमीटरचा धागा जातो, तो टिप लिंक. पिकल्स आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचं वर्णन केलं. आवाजाने तंतू उंच बाजूला कलले की धागा ताणला जातो, आयन मार्गिका (पेशीच्या आवरणातली, विद्युतभारित कणांना आत सोडणारी दारं) उघडतात आणि पोटॅशियम-कॅल्शियम आत शिरून पेशीत विद्युतसंदेश तयार होतो.

या धाग्याचा वरचा, लांब भाग कॅडहेरिन-२३ चा आणि खालचा, आखूड भाग प्रोटोकॅडहेरिन-१५ चा. लांबीतला फरक रचनेतूनच येतो: पेशीबाहेर पहिल्यात २७ एकसारखे घटक एकापुढे एक जोडलेले, दुसऱ्यात ११. दोन्ही प्रथिनं दुपदरी असतात आणि त्यांची मोकळी टोकं मधे एकमेकांत अडकतात. कॅल्शियम काढून घेतलं की ही पकड सुटते, धागा तुटतो.

खरा फरक मात्र लांबीत नाही, टोकांना काय बांधलंय त्यात आहे. वरच्या टोकाशी हार्मोनिनसारखी प्रथिनं, म्हणजे धागा रोवून धरणारी मंडळी. मार्गिका आहेत फक्त खाली. २००९ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांच्या केशपेशींत कॅल्शियम नेमकं कुठे शिरतं ते पाहिलं, तेव्हा सर्वांत उंच ओळीत ते शिरताना दिसलंच नाही. आखूड ओळींत दिसलं. म्हणजे टीएमसी-१ या प्रथिनाची मार्गिका ओढून उघडण्याचं काम प्रोटोकॅडहेरिन-१५ चं.

माझ्या मते ही विभागणी सगळ्यात स्वच्छ दिसते ती धागा तोडून पुन्हा जुळू दिल्यावर. आधी तात्पुरता धागा येतो, त्याच्या दोन्ही टोकांना प्रोटोकॅडहेरिन-१५ च! तेवढ्यावरही केशपेशी धक्क्याला प्रतिसाद देऊ लागते. पण ताण टिकून राहिला की प्रतिसाद आवरता घेण्याची तिची सवय नीट परतते ती नंतर, वरच्या जागी कॅडहेरिन-२३ आल्यावर.

रुग्णात हा फरक शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. दोन्हींच्या जनुकांतल्या गंभीर बिघाडाने अशर सिंड्रोमचा पहिला प्रकार होतो: जन्मतः बहिरेपण, तोल सांभाळायला अडचण म्हणून उशिरा चालणं, पुढे दृष्टिपटल झिजून रातांधळेपणा. कॅडहेरिन-२३ मुळे झाला तर १-डी, प्रोटोकॅडहेरिन-१५ मुळे झाला तर १-एफ. लक्षणांवरून हे ओळखता येत नाही, जनुकचाचणीच करावी लागते.