दुर्बीण नेली पण मुलांना काहीच दिसत नाही? फोन करायच्या आधी हे वाचा

दुर्बीण घरी गेली की त्याच रात्री फोन येतो, काहीच दिसत नाही, पीस खराब आहे का, बदलून द्या. आणि दुकानात आणल्यावर बघावं तर बहुतेक वेळा पीस एकदम ओके असतो, फक्त आयपीस, म्हणजे डोळा लावायचं छोटं भिंग, ४ एमएमचा लावलेला असतो.

हिशोब सोपा आहे. आमच्याकडे जी ७० एमएमची दुर्बीण सगळ्यात जास्त जाते तिची फोकल लेंग्थ, म्हणजे पुढच्या भिंगापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर, ७०० एमएम आहे, तिला आयपीसच्या आकड्याने भागायचं. २५ चा लावला तर २८ पट, १० चा लावला तर ७० पट, ४ चा लावला तर १७५ पट. साहजिकच सगळ्यांना १७५ हवं असतं. पण पुढचं भिंग जितक्या एमएमचं त्याच्या साधारण दुप्पट पॉवरच ते झेपवू शकतं, म्हणजे इथे १४०, त्यापुढे चित्र मोठं होतं पण पुसट होतं. शिवाय ४ च्या आयपीसमधून आकाशाचा इतका छोटा तुकडा दिसतो की अख्खा चंद्रसुद्धा त्यात मावत नाही, आणि पृथ्वी फिरतेय त्यामुळे शनी मिनिटभरात बाहेर निघून जातो. बाबांनी कसाबसा शनी पकडला, "ये लवकर" म्हणून हाक मारली, मुलगी चप्पल घालून गच्चीवर येईपर्यंत आत काळोख. मग तिला वाटतं आपल्यालाच बघता येत नाही, आणि तिचा इंटरेस्ट तिथेच जातो, आम्हाला खरं वाईट याचं वाटतं. म्हणून कायम २५ ने सुरुवात करा, सापडलं की मग १० लावा. ४ चा आयपीस कंपनीच बॉक्समध्ये टाकते, आम्ही तो वेगळ्या पाकिटात घालून देतो तो यासाठीच.

दुसरं म्हणजे फाइंडर, नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण. तो रात्री जुळवायला जाऊ नका, दिवसा उजेडी करा. लांबचा मोबाइल टॉवर किंवा पाण्याची टाकी, निदान अर्धा किलोमीटर तरी लांब, २५ च्या आयपीसमध्ये मधोमध आणा, मग नळी न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याची फुलीही त्याच टोकावर आणा. झालं. फक्त सूर्य असेल त्या बाजूला दुर्बीण वळवायचीच नाही आणि मुलांना एकटं सोडायचं नाही, सूर्याकडे बघितलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो, फाइंडरमधूनसुद्धा.

चंद्र दाखवायला पौर्णिमा निवडू नका, सपाट दिसतो. शुद्ध अष्टमीच्या आसपास बघा, उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या सावल्या पडतात आणि तो संध्याकाळीच डोक्याजवळ असतो, मुलांची झोप मोडत नाही. गुरू दिसत असेल तर शेजारचे चार ठिपके, म्हणजे त्याचे चंद्र, मुलांना वहीत काढायला लावा, दुसऱ्या दिवशी परत काढायला लावा, जागा बदललेल्या असतात. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने हेच केलं होतं आणि त्याची दुर्बीण जेमतेम २० पटीची होती. शनीची कडी बारीक दिसते म्हणूनही तक्रारी येतात, पण मार्च २०२५ मध्ये कडी आपल्याला अगदी कडेने दिसत होती, दर १५ वर्षांनी साधारण असं होतं, आता ती हळूहळू उघडत जाईल. आणि नेटवरच्या फोटोतले रंग डोळ्याला दिसत नाहीत, देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दूरची ताऱ्यांची वस्ती, राखाडी धुरकट डागच दिसणार, पण तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय हे सांगून बघा, मुलं परत डोळा लावतात.

ऑनलाइन यापेक्षा स्वस्त मिळते, बॉक्सवर ५२५ पट लिहिलेलं असतं, ते म्हणजे हाच ४ चा आयपीस आणि तीनपट बार्लो, म्हणजे पॉवर तिप्पट करणारं जास्तीचं भिंग. आम्ही डेमो दिल्याशिवाय दुर्बीण देत नाही, काही जणांना तो टाइमपास वाटतो, पण ज्यांनी नीट डेमो घेतला त्यांचा फोन सहसा येत नाही.

मूल सहा-सात वर्षांचं असेल तर आधी १० बाय ५० ची (१० पट, ५० एमएम भिंगांची) बायनॉक्युलर न्या असं आम्हीच सांगतो. कृत्तिका तिच्यातून दुर्बिणीपेक्षा छान दिसतात आणि पुढे दुर्बीण घेतली तरी ती कामाला येते. पुण्यात असाल तर १९४४ पासून चालू असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनालाही एकदा जाऊन या, मग ठरवा.

डेमोला येताना मुलांना घेऊन या, स्क्रू त्यांनाच फिरवायला देतो.