प्लग घासला की नवा होतो का?

जुना पेट्रोल ट्रक घेतला की हा सल्ला हमखास येतो: स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) बदलायची गरजच नाही, पॉलिश पेपरने घासा, गॅप (ठिणगी उडते ती टोकांमधली फट) जमवा, झाला नव्यासारखा. (डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच, डिझेलवाल्यांनी हे सोडून द्या.)

यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते टिकून आहे. काजळी धरलेला प्लग साफ केला की गाडी खरंच सुधारते, पण काजळी वेगळी आणि झीज वेगळी. ठिणगी सहज उडते ती धारदार कडेवरून, आणि दर ठिणगीला मधल्या इलेक्ट्रोडचा (ठिणगी उडते त्या टोकाचा) धातू कणभर उडत जातो, कडा गोल होतात, गॅप वाढतो, मग तीच ठिणगी पाडायला कॉइलला (प्लगला वीज पुरवणाऱ्या भागाला) जास्त व्होल्टेज द्यावं लागतं आणि चढावर लोड आला की इंजिन मिसिंग करायला, म्हणजे मधेमधे ठिणगी चुकवायला लागतं. गॅप ठोकून कमी करता येईल हो, पण उडालेला धातू कुठून आणणार? वर तारेच्या ब्रशने पांढऱ्या सिरॅमिकवर धातूचे ओरखडे राहिले तर करंट तिथूनच निसटतो. इरिडियम प्लगला (टोकाला इरिडियम धातू असलेल्या) तर ब्रश लावूच नका, त्याचं टोक साधारण 0.4 ते 0.7 मिमी जाडीचं, वाकलं की संपलं.

तपासायचं असेल तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढा, नव्याशेजारी धरून कडा बघा, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. कडा शाबूत पण प्लग काळा, तर मिक्स्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण) बघा. ओलसर तेलकट असेल तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून तेल आत येतंय, तिथे नवा प्लगही पुन्हा खराब होणार.