नक्षी शाबूत, टायर म्हातारा

मे महिन्यातली दुपार. अक्कलकोट रोडवरच्या एका टायरच्या दुकानात मामांची गाडी जॅकवर चढवलेली. आम्ही गेलो होतो साधं पंक्चर काढायला. दुकानदाराने चाक फिरवता फिरवता मध्येच थांबवलं, टायरच्या कडेला दोन्ही अंगठे रोवून दाबलं आणि म्हणाला, "अण्णा, पंक्चर काढून देतो, पण हे टायर आता बदला बघा."

मामा चमकलेच. "अरे, नक्षी बघ की जरा! आठ वर्षांत बावीस हजारसुद्धा पळाली नाही गाडी. अक्कलकोट नाहीतर तुळजापूर, एवढंच फिरणं. गोटा झालाय का टायर?"

मी वाकून बघितलं. अंगठ्यांखाली रबर ताणलं गेलं होतं तिथे केसासारख्या बारीक चिरा उघडल्या होत्या. हिप्परग्याच्या तलावाचं पाणी आटलं की काठाच्या काळ्या मातीला पडतात तशा. अंगठे काढले की चिरा मिटायच्या, टायर पुन्हा धडधाकट दिसायचा. मामा खोटं बोलत नव्हते आणि दुकानदारही नाही. टायर दोन प्रकारे संपतो. एक झिजून आणि दुसरा म्हातारा होऊन. आपण सोलापूरकर पहिला प्रकार बघतो आणि दुसऱ्याकडे आपलं लक्ष जात नाही. आपल्या उन्हात खरं तर दुसऱ्याचीच भीती जास्त.

आधी झिजेचं बघू. चौघं बसलेली छोटी गाडी साधारण अकराशे किलोची धरा. प्रत्येक चाकावर पावणेतीनशे किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सव्वादोन किलोचा दाब. भागाकार केला की उत्तर येतं जेमतेम १२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका तळहाताएवढी जागा. अख्खी गाडी अशा चार तळहातांवर रस्ता धरून असते. ब्रेक, वळण, सगळं तेवढ्यात.

रस्ता कोरडा असेल तर या तळहाताला नक्षीची गरजच नसते. शर्यतीच्या गाड्यांचे कोरड्या रस्त्यावरचे टायर सपाट गुळगुळीत असतात, कारण रबर जितकं जास्त टेकेल तितकी पकड चांगली. गफलत होते ती इथेच. सोलापुरात वर्षातले सात-आठ महिने रस्ते कोरडे ठणठणीत. गोटा झालेला टायरही त्या दिवसांत व्यवस्थित पळतो, व्यवस्थित थांबतो आणि माणसाला वाटतं, अजून एक वर्ष निघेल.

नक्षी असते पाण्यासाठी. हिशेब करून बघा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. टायरची रुंदी १८ सेंटिमीटर आणि रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचलेलं. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १२ लिटर, जवळजवळ एक घागरभर पाणी, प्रत्येक पुढच्या चाकाला बाजूला सारावं लागतं. नव्या टायरच्या सात-आठ मिलिमीटर खोल खाचा यातलं बरंचसं पाणी पोटात घेऊन मागे आणि बाजूला फेकतात. खाचा दीड मिलिमीटरवर आल्या की पाण्याला जायला वाट उरत नाही. मग चाकापुढे पाण्याची पाचर तयार होते आणि टायर तिच्यावर चढतो. रबर आणि रस्ता यांची भेटच तुटते. स्टीअरिंग एकदम हलकं लागतं, जणू खाली काही जोडलेलंच नाही.

हे कुठल्या वेगाला होतं याचं एक सूत्र नासाच्या संशोधकांनी १९६३ साली मांडलं, विमानांच्या चाकांसाठी. खाचांमधून पाणी निघून जात नसेल तर टायर कधी तरंगेल हे मुख्यतः आतल्या हवेच्या दाबावर ठरतं, असं त्यात दिसतं. ढोबळमानाने ३२ पीएसआयला ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास. हवा २४ वर उतरली असेल तर ८२ च्या आसपास. पुणे रोडवर हे दोन्ही आकडे सहज गाठले जातात.

टायर तरंगला नाही तरी थांबायचं अंतर वाढतंच. समजा, ओल्या रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षण गुणांक, म्हणजे पकड किती आहे ते सांगणारा आकडा, ०.७ आहे आणि झिजलेल्याचा ०.४. ऐंशीच्या वेगाने ब्रेक दाबला तर पहिली गाडी ३६ मीटरवर उभी राहते, दुसरीला ६३ मीटर लागतात. पण मला स्वतःला हलवून गेला तो यातला तिसरा आकडा. पहिली गाडी जिथे थांबली, तिथून दुसरी अजून ताशी ५० च्या वर वेगाने पुढे चाललेली असते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. हे मोजायला टायरमध्येच खूण असते. खाचेच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे दिसतात, आणि खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून कड सुरू होते तिथे, बारीक त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं त्यांची जागा दाखवतात. नक्षी उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला. पण ही कायद्याची शेवटची रेघ आहे, तिथवर वाट बघू नये असं माझं ठाम मत आहे. काडेपेटीतली काडी खाचेत उभी धरा, नखाने खूण पकडा आणि पट्टीवर मोजा. तीन मिलिमीटरच्या खाली आलं असेल तर पुढचा पावसाळा त्या टायरवर काढू नका. मोजताना आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी मोजा, कारण झीज क्वचितच सारखी असते. मध्ये जास्त झिजला तर हवा जास्त राहिली, दोन्ही कडा झिजल्या तर कमी राहिली, एकच कड गेली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा सरळपणा, बिघडलंय. आणि कडेला फुगा आला असेल तर नक्षी मोजत बसूच नका. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेले असतात, तो टायर त्याच दिवशी उतरवायचा.

आता म्हातारपण. मामांच्या टायरची खाच पाच मिलिमीटर भरली. झिजेच्या बाजूने त्याला शंभर गुण.

झाडाचा चीक नुसता गोठवला तर मिळणारं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत ठिसूळ. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याच्या लक्षात आलं की त्यात गंधक घालून तापवलं तर ते तगडं आणि लवचीक होतं. रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या, शिजत ठेवलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. गंधक या साखळ्यांमध्ये जागोजागी पूल बांधतं. ताणलं तरी साखळ्या निसटत नाहीत, सोडलं की परत जागेवर येतात. मोटारीच्या टायरमध्ये नैसर्गिक आणि कृत्रिम अशी दोन्ही रबरं असतात, जोडीला काजळीची बारीक भुकटी. टायर काळा असतो तो या काजळीमुळे.

मात्र कारखान्यातून बाहेर पडल्यावरही हे शिजणं पुरतं थांबत नाही. हवेतला ऑक्सिजन रबरात शिरतो, काही साखळ्या तोडतो, काहींमध्ये नको तिथे नवे पूल बांधतो. रबर वर्षागणिक कडक होत जातं. आणि हा ऑक्सिजन बाहेरून येतो त्यापेक्षा आतून जास्त जोराने ढकलला जातो, कारण टायरच्या पोटातली हवा दाबाखाली असते. ती आतल्या अस्तरातून हळूहळू झिरपते आणि नक्षीच्या खाली टायरला घट्ट धरून ठेवणारे पोलादी तारांचे पट्टे असतात, त्यांच्याभोवतीचं रबर म्हातारं करते. पट्टे सुटायला लागतात ते तिथे, आणि बाहेरून त्यातलं काही दिसत नाही.

उष्णता या सगळ्याला घाई करते. अशा रासायनिक क्रियांचा वेग तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा डांबराचा पृष्ठभाग ६० च्या पुढे असतो. त्यावर दिवसभर उभ्या असलेल्या गाडीचा टायर महाबळेश्वरच्या टायरइतका जगेल अशी अपेक्षा धरणं चूक आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाने टायरच्या वयाचा अभ्यास करायचं ठरवलं, तेव्हा वापरातले टायर गोळा केले ते ॲरिझोनातल्या फिनिक्समधून. आपल्यासारखंच कोरडं, भाजून काढणारं शहर. त्यांच्या अहवालात एका विमा कंपनीची आकडेवारीही आहे. पाच उष्ण राज्यांमध्ये तिचे २७ टक्के ग्राहक होते, पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे तिथूनच आले.

चिरा पाडणारा गुन्हेगार वेगळा, ओझोन. हवेत तो अगदी थोडा असतो, पण ताणलेल्या रबराच्या साखळ्या तो कात्रीसारख्या कापतो. म्हणून कारखान्यात रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळतात. टायर फिरताना वाकतो, दबतो, तसतशी ती पृष्ठभागावर येत राहतात. जुन्या टायरवर तपकिरी छटा दिसते ती बऱ्याचदा याच रसायनांची, मळ नव्हे. ती घासून काढू नये, आणि टायर चमकवायला डिझेल तर कधीच लावू नये, त्याने रबर फुगतं आणि सैल पडतं. उभ्या गाडीत हे संरक्षण पृष्ठभागापर्यंत नीट पोहोचत नाही. मामांची गाडी कमी फिरली हे टायरच्या भल्याचं नव्हतं, ते इथे कळलं.

वय शोधणं सोपं आहे. टायरच्या कडेला 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. मामांच्या टायरवर १८१६ होतं. म्हणजे २०१६ सालचा अठरावा आठवडा, मे महिन्याची सुरुवात. बाहेरच्या कडेला हे आकडे नसतील तर गाडीकडच्या कडेला बघा. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांच्या पुढे, दिसायला कितीही चांगला असला तरी, वापरू नये असं मोठे टायर उत्पादक सांगतात. काही गाडी उत्पादक सहाच वर्षं सांगतात. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या सोलापुरातल्या गाडीला मी सहाचाच हिशेब लावीन.

इथे एक समजूत खोडून काढलीच पाहिजे, कारण तिच्यामुळे टायर फुटतात. "उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून दोन-चार पॉइंट कमी ठेवा." हवा फुगते हे खरं. सकाळी २६ अंशांत ३२ पीएसआय भरून निघालात आणि मोहोळपर्यंत जाता जाता टायरमधली हवा ५६ अंशांवर गेली, तर काटा ३७ दाखवेल. पण ही वाढ बनवणाऱ्याने आधीच धरलेली असते. दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. तुम्ही पंपावर थांबून ३७ ची ३२ करून घेतलीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच काटा २७-२८ वर येईल. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकण्यातली ऊर्जा रबरात उष्णता होऊन साठते, आणि म्हाताऱ्या झालेल्या पट्ट्यांना नेमकी तीच सोसत नाही. म्हणून उन्हाळ्यात हवा लिहिली आहे तेवढीच, आणि सकाळी गाडी थंड असतानाच तपासायची.

बदलायचं ठरलं तर दिवाळीच्या बोनसची वाट बघू नका. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरमध्ये असतो आणि धोका त्याही आधी, जूनच्या पहिल्या सरींना असतो. महिनोन्महिने साचलेली धूळ आणि ऑइल ओलं होऊन रस्ता साबणासारखा होतो. तेव्हा खरेदी मेअखेरची. जुन्या टायरवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या. '१८५/६५ आर १५ ८८ एच' असं असेल तर रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रेडियल बांधणी, १५ इंची रिम. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो भार चालतो, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. शेवटचे दोन कमी करून स्वस्तात मिळणारा टायर घेऊ नका. आणि 'नवा' टायरही किती आठवड्यांपूर्वीचा ते वाचूनच पैसे द्या.

चार एकदम परवडत नसतील तर दोन घ्या, पण नवे दोन मागे टाका. पुढची चाकं गाडी ओढतात म्हणून नवे पुढे, असं बरेच जण सांगतील. पुढची पकड सुटली तर गाडी वळणात सरळ जाऊ बघते, पाय उचलला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ओल्या रस्त्यावर ती सावरणं भल्याभल्या ड्रायव्हरला जमत नाही. सोबत नवे वाल्व, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सबुरीने चालवा, साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा पातळ थर अजून रबरावर असतो.

मामांनी शेवटी चारही बदलले. निघताना डिकीतली स्टेपनी बाहेर काढली. तिच्यावर साच्यातून येतात ते रबराचे बारीक केससुद्धा तसेच होते, रस्ता म्हणून बघितलाच नव्हता तिने. "ही तरी ठेवू की गं," मामा मला म्हणाले. मी कड पुसली. १८१६. आठ उन्हाळे तीही डिकीत हवा भरलेली पडून होती.

दुकानदाराने पाचही जुने टायर भिंतीशी ओळीने लावले आणि खिशातली सुरी काढून प्रत्येकाच्या कडेला वीतभर चीर दिली. मामांनी विचारलं, "हे कशाला?"

"नक्षी चांगली आहे ना अण्णा," तो म्हणाला. "कोणीतरी घेऊन परत चढवेल."