हॅरॉल्ड मेल्विन वेगळा, टेडी पेंडरग्रास वेगळा

‘इफ यू डोन्ट नो मी बाय नाऊ’ हे १९७२ चं अमेरिकी सोल गाणं कुणी कुणाला पाठवलं की सोबत एक ठरलेलं वाक्य येतं: काय गळा आहे या हॅरॉल्ड मेल्विनचा! गळा आहेच तसा. फक्त तो मेल्विनचा नाही, त्याच्या गटात गाणाऱ्या टेडी पेंडरग्रासचा आहे. पन्नास वर्षं होऊन गेली तरी हा घोळ मिटत नाही. आता तर गाण्यांच्या अ‍ॅपवर गायकाच्या नावाच्या जागी ‘हॅरॉल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स’ असं छापून येतं, त्यामुळे चूक करणाऱ्याला पुरावाही आयता मिळतो.

गाणी तुमच्या ओळखीची असतील, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. १९७० च्या दशकातलं फिलाडेल्फिया, केनी गॅम्बल आणि लिऑन हफ ही निर्माता-गीतकार जोडी, त्यांची फिलाडेल्फिया इंटरनॅशनल रेकॉर्ड्स ही कंपनी, सिग्मा साउंड स्टुडिओ, भरगच्च व्हायोलिन आणि त्याखाली घट्ट ताल. याच कंपनीचा ओ’जेज हा गट ऐकला असेल तर हा सगळा माहोल तुम्हाला ठाऊक आहे.

घोळाचं मूळ पाटीत आहे. ‘अमुक अँड द तमुक’ असं नाव दिसलं की ‘अमुक’ म्हणजे पुढे उभा राहून गाणारा, असं आपण धरून चालतो. ‘ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स’मध्ये ग्लॅडिस नाइटच गाते. ‘स्मोकी रॉबिन्सन अँड द मिरॅकल्स’मध्ये स्मोकीच गातो. ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’चंही तेच. त्यामुळे कान तयार होतो तो चुकीच्या सवयीवर. ब्लू नोट्सचा हिशेब तमाशाच्या फडासारखा आहे: पाटीवर नाव मालकाचं, टाळ्या घेणारा गळा दुसऱ्याचा. (‘कूल अँड द गँग’मधला कूलसुद्धा बास गिटार वाजवणारा रॉबर्ट बेल. ‘सेलिब्रेशन’ गातो तो जे. टी. टेलर. पण तिथे निदान ‘कूल’ हे टोपणनाव असल्याने कुणी छातीठोकपणे बोलत नाही.)

मेल्विनचा जन्म १९३९ चा, फिलाडेल्फियाचा. ब्लू नोट्स हा गट १९५० च्या दशकात तिथेच उभा राहिला, रस्त्याच्या कोपऱ्यावर चार-पाच पोरांनी सूर जुळवायच्या त्या काळात. गट टिकवला तो मेल्विनने. माणसं आली, गेली, मुख्य गायक बदलले, कंपन्या बदलल्या. नाव आणि कारभार त्याच्या हातात राहिला. तो गायचा, पण मागच्या सुरांत. जॉन अ‍ॅटकिन्स हा पेंडरग्रासच्या आधीचा मुख्य गायक. १९६० साली ‘माय हीरो’ हे गाणं थोडंफार चाललं, त्यानंतरची दहा वर्षं मात्र बहुतेक क्लबांमधले कार्यक्रम करण्यातच गेली.

पेंडरग्रास मेल्विनहून जवळजवळ अकरा वर्षांनी लहान, जन्म १९५०. लहानपणी चर्चमध्ये गायचा, दहाव्या वर्षीच त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली होती. ब्लू नोट्समध्ये तो आला ड्रम वाजवायला. १९७० च्या सुमारास अ‍ॅटकिन्स बाहेर पडला आणि ड्रमच्या मागे बसलेल्या या पोराचा गळा मेल्विनने पुढे आणला. मेल्विनचं श्रेय द्यायचं तर इथे द्या. कुणाला पुढे उभं करायचं, हे त्याला कळलं. गॅम्बल-हफची कंपनी त्यानंतर मिळाली आणि १९७२ पासून पुढचं सगळं घडलं.

आता ‘इफ यू डोन्ट नो मी बाय नाऊ’ पुन्हा लावा. गाणं सुरू होतं ते धृपदाने, आणि ते सगळा गट मिळून म्हणतो. मेल्विन शोधायचा असेल तर या गठ्ठ्यात शोधा. मग पहिलं कडवं येतं, आणि एकटा, जाडसर, किंचित खरखरीत आवाज पुढे होतो. तो पेंडरग्रास. पुढच्या धृपदात गट आपली ओळ सरळ धरून ठेवतो आणि पेंडरग्रास तिच्यावरून, मधल्या फटींतून, हवं तसं गात सुटतो. शेवटाकडे तर तो जवळजवळ विनवणीवर येतो. ही चर्चमधली रीत: समुदायाने ओळ धरायची, उपदेशकाने तिच्यावर चढायचं. एकदा हे दोन थर वेगळे ऐकू आले की घोळ परत होत नाही. १९७२ मध्ये हे गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत तिसऱ्या आणि आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

याहून ठळक नमुना हवा तर १९७५ चं ‘बॅड लक’ घ्या, आणि अल्बमवरची लांब आवृत्तीच घ्या. सिंगलसाठी (सुट्या गाण्याच्या तबकडीसाठी) कापलेल्या आवृत्त्या मला अजिबात चालत नाहीत. कात्री नेमकी जिथे पेंडरग्रास तापायला लागतो तिथे पडते. ‘बॅड लक’च्या उत्तरार्धात तो गाणं सोडून प्रवचनावर येतो: वर्तमानपत्र उघडतो, राष्ट्राध्यक्ष पायउतार झाल्याची बातमी वाचतो (निक्सन यांनी नुकताच राजीनामा दिला होता), आणि ताल खाली तसाच धावत असतो. मागच्या सुरांत उभं राहणाऱ्याचं हे काम नव्हे.

बाहेरच्या लोकांचा गैरसमज गटाच्या आतही टोचायचा. रेडिओवर नाव एकाचं, मंचावर लोक ओरडणार दुसऱ्यासाठी, तेही पहिल्याच्या नावाने. पेंडरग्रासची तक्रार श्रेयाची होती, तशीच पैशाचीही. १९७५ च्या ‘टू बी ट्रू’ अल्बमवर गटाच्या नावाखाली ‘फीचरिंग थिओडोर पेंडरग्रास’ अशी ओळ आली ती यातूनच. पण एका ओळीने भागलं नाही. त्याच वर्षी ‘वेक अप एव्हरीबडी’ आला आणि त्यानंतर तो बाहेर पडला.

म्हणून आवाज ओळखता येत नसेल तर साल आणि कंपनी बघा. १९७२ ते १९७५, फिलाडेल्फिया इंटरनॅशनल: ‘आय मिस यू’, ‘ब्लॅक अँड ब्लू’, ‘टू बी ट्रू’, ‘वेक अप एव्हरीबडी’, हे चार अल्बम. इथला मुख्य आवाज पेंडरग्रास. १९७७ मध्ये एबीसी कंपनीकडचा ‘रीचिंग फॉर द वर्ल्ड’: इथे डेव्हिड एबो गातो. एबोच्या गळ्यातही खर आहे, त्यामुळे जाणकारही फसतात, पण पेंडरग्रास दबक्या बोलण्यातून आरोळीवर ज्या सहजतेने जातो ती सहजता तिथे नाही. १९६० च्या दशकातलं काहीही असेल तर पेंडरग्रासचा प्रश्नच नाही. तो मुख्य गायक झाला तोच १९७० च्या सुमारास.

एक पोटघोळ. पेंडरग्रास मूळचा ड्रमर, म्हणून रेकॉर्डवरचे ड्रमही त्याचेच, असं लिहिलेलं सापडतं. नाही. सिग्मामध्ये वाजवायचे ते एमएफएसबी या नावाने ओळखले जाणारे स्टुडिओचे वादक, आणि ड्रमवर अर्ल यंग. १९७३ च्या ‘द लव्ह आय लॉस्ट’मध्ये त्याने चारही मात्रांवर बास ड्रम ठेवला आणि मधल्या अर्ध्या मात्रांवर हाय-हॅट (पायाने उघडबंद होणारी झांजांची जोडी) उघडी सोडली. गाणं आधी संथ बेतलं होतं. वेग वाढवल्यावर ही चाल निघाली आणि पुढे सगळ्या डिस्कोने तीच उचलली.

एकट्याच्या कारकिर्दीत गोंधळाला जागा कमी, कारण पाटीवर नाव त्याचंच. १९७७ चा पहिला अल्बम प्लॅटिनम (म्हणजे दहा लाखांची विक्री), १९७८ मध्ये ‘क्लोज द डोअर’, १९७९ मध्ये ‘टर्न ऑफ द लाइट्स’, १९८० मध्ये ‘लव्ह टी.के.ओ.’. फक्त स्त्रियांसाठीचे कार्यक्रम याच काळातले. १८ मार्च १९८२ ला फिलाडेल्फियात त्याच्या रोल्स-रॉइसला अपघात झाला, मणक्याला इजा होऊन छातीखालचं शरीर लुळं पडलं. अपघात त्याचा, मेल्विनचा नव्हे. हेही उलटसुलट लिहिलेलं वाचून वैताग येतो. छातीचे आणि पोटाचे स्नायू साथ देत नसताना लांब ओळीला श्वास पुरवणं किती अवघड! म्हणूनच १९८४ च्या ‘लव्ह लँग्वेज’मधला आवाज पूर्वीइतका आडदांड नाही, जवळून बोलल्यासारखा आहे. त्यात ‘होल्ड मी’ हे द्वंद्वगीत आहे, सोबतीला तेव्हा स्वतःचा एकही अल्बम न आलेली व्हिटनी ह्यूस्टन. १९८५ मध्ये तो फिलाडेल्फियातल्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीच्या मंचावर व्हीलचेअरवरून आला. १९८८ मध्ये ‘जॉय’ आर अँड बी यादीत पहिलं आलं. मेल्विन १९९७ मध्ये गेला, पेंडरग्रास जानेवारी २०१० मध्ये.

किरकोळ गोष्टी झटपट. ब्लू नोट ही न्यूयॉर्कची जॅझ कंपनी, हिचा या गटाशी संबंध नाही. १९८९ चं गुळगुळीत ‘इफ यू डोन्ट नो मी बाय नाऊ’ सिंपली रेड या ब्रिटिश गटाचं. वाईट नाही, पण त्यात विनवणी नाही. ‘डोन्ट लीव्ह मी धिस वे’ बहुतेकांनी थेल्मा ह्यूस्टनच्या आवाजात ऐकलेलं असतं. ते आधी ‘वेक अप एव्हरीबडी’वर पेंडरग्रासने गायलं, आणि मला तेच पसंत.

अ‍ॅपवर शोधताना एवढं करा: टेडी पेंडरग्रासच्या नावाखाली फक्त १९७७ नंतरचं बघून थांबू नका. त्याचं निम्मं वैभव मेल्विनच्या नावाखाली ठेवलेलं आहे. वरच्या चार अल्बमची गाणी आणि १९७७ ते १९८१ ची एकट्याची गाणी एकाच यादीत, सालाप्रमाणे लावून घ्या, आणि ‘पार्ट वन’ लिहिलेली, म्हणजे सिंगलसाठी कापलेली, आवृत्ती दिसली तर ती वगळून अल्बमवरची घ्या.