मनीचं वजन सेन्सरला कळत नाही

घरफोडीच्या अलार्मचा ‘पेट-इम्यून’ मोशन सेन्सर, म्हणजे पाळीव प्राणी हलले तरी गप्प राहणारा, असा विकला जातो. त्याच्या खोक्यावर ‘२५ किलोपर्यंत’ असं काहीतरी छापलेलं असतं. त्यावरून समज पसरला की आपली मनी चार किलोची, म्हणजे अलार्म वाजणारच नाही. पण भिंतीवरच्या त्या डबीत वजनकाटा नसतो. नेहमीच्या पीआयआर (इन्फ्रारेड किरण टिपणाऱ्या) सेन्सरला दिसते ती फक्त हलणारी उष्णता. पुढचं दुधी प्लास्टिक म्हणजे फ्रेनेल भिंगं. ती खोलीचे पट्टे पाडतात. गरम अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकलं, की आतला पायरोइलेक्ट्रिक (उष्णता बदलली की वीज निर्माण करणारा) तुकडा सिग्नल देतो.

किलोचा आकडा हा नुसता अंदाज, आणि तोही जनावर जमिनीवर असेल आणि सेन्सर सांगितलेल्या उंचीवर, साधारण सव्वादोन मीटरवर, सरळ बसवलेला असेल तरच. मनी फ्रिजवरून कपाटावर चढली की सेन्सरच्या लेखी ती माणसाएवढी. आमच्याकडे रात्री अडीचला भोंगा कोकलला, तेव्हा बाईसाहेब माळ्यावर पंजा चाटत बसल्या होत्या! पालही कमी नाही. थेट भिंगावरून सरपटली तरी पुरतं.

म्हणून सेन्सरसमोर चढण्याजोगं सामान नको. आणि दारं-खिडक्यांना, ती उघडली की कळवणारे, चुंबकाचे सेन्सर लावा. घरात कोण उड्या मारतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.