पार्श्वभूमी : उच्चभ्रूंच्या उलट टोकाचं नाव

मोठाल्या डोळ्यांच्या मुली, वितळणारी कार्टून पात्रं, जाहिरातीसारखे चकचकीत रंग आणि त्यात कुठेतरी सडलेलं काहीतरी. पॉप सररिअ‍ॅलिझम या कलाचळवळीची चित्रं आता ओळखीची झाली आहेत. 1920 च्या दशकातल्या पॅरिसचा, स्वप्नासारखी विसंगत दृश्यं रंगवणारा अतिवास्तववाद (सररिअ‍ॅलिझम) आणि 1960 च्या दशकातली, जाहिराती-कॉमिक्समधून चित्रं उचलणारी पॉप आर्ट हे तिचे पूर्वज मानतात. पण ती वाढली दक्षिण कॅलिफोर्नियात, हॉट रॉड म्हणजे फेरफार करून वेगवान केलेल्या जुन्या गाड्यांवरच्या रंगकामात, मोठ्या प्रकाशकांबाहेर निघणाऱ्या भूमिगत कॉमिक्समध्ये, टीव्हीसमोर मोठ्या झालेल्या पोरांच्या हातून.

नावाचा गुंता जरा सविस्तर सांगायला हवा. 1979 मध्ये तिथल्या एका चित्रकाराचं चित्रपुस्तक काढायचं ठरलं. प्रतिष्ठित कलासंस्था त्याला दारात उभं करत नव्हत्या, म्हणून त्याने शीर्षकातच 'लोब्रो' हा शब्द घातला. आपल्या 'उच्चभ्रू'च्या अगदी उलट. शब्द चिकटला आणि पुढे खुद्द त्यालाच नकोसा झाला. 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अशा चित्रकारांचं स्वतःचं मासिक निघालं. 1998 मध्ये कनेक्टिकटमधल्या एका संग्रहालयाने 'पॉप सररिअ‍ॅलिझम' नावाने प्रदर्शन भरवलं आणि हळूहळू तेच नाव वर आलं. ते कलादालनांच्या सोयीचं होतं, कारण त्यात पॉप आर्ट आणि अतिवास्तववादाचं घराणं दिसतं. 'लोब्रो'त भांडण होतं: चांगली कला कोणती, हे कोणी ठरवायचं? मला तेच नाव जास्त खरं वाटतं. उपभोगवादावरची या चित्रांची टीका त्याच भांडणातून आली. जाहिरात, खेळणी, कार्टून यांच्यातच वाढलेल्या माणसांना त्यांची भुरळ आतून माहीत होती.

त्याच 1998 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पासाडीनात एका चित्रकाराच्या प्रदर्शनाचा विषयच मांस होता. गोंडस चेहरे, जुन्या तैलचित्रांसारखं नाजूक काम आणि शेजारी लालभडक कच्चं मांस. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तुकडा उचलताना जनावर आठवत नाही. इथे ते विसरणंच कॅनव्हासवर आलं. दुसऱ्या एका चित्रकाराने बर्गर विकणाऱ्या विदूषकालाच बेढब लठ्ठ करून दाखवलं. जाहिरातफलकांवर बेकायदा आपली चित्रं चिकटवण्याचा उद्योग तो 1980 च्या दशकापासून करत होता.

2000 नंतर हीच पात्रं मर्यादित संख्येच्या व्हिनाइलच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या खेळण्यांत उतरली आणि संग्राहक त्यांच्या मागे लागले. टीकाच विकाऊ झाली, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. पुढे चित्रं फोनच्या पडद्यावर आली, जिथे महिनोन्‌महिने चढवलेले रंगाचे पातळ थर सपाट होतात. 2022 पासून शब्द टाकून चित्र बनवणारी साधनं सर्वांच्या हाती आल्यावर तर मोठ्या डोळ्यांची मुलगी काही सेकंदांत तयार होते. मांस कुठे ठेवायचं, हे मात्र अजूनही कोणीतरी ठरवावं लागतं.