ई-पुस्तकाचा आयएसबीएन स्वतःच्या नावावर कसा घ्यावा?

भारतात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, मोफत मिळतो. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण ‘आयएसबीएनसह ई-बुक पॅकेज’ म्हणून नवोदित लेखकांकडून पैसे घेतले जातात आणि नोंदीत प्रकाशक म्हणून नाव मात्र पॅकेज विकणाऱ्याचं लागतं. पुढे त्याच्याशी पटलं नाही तर पुस्तक तुमचं राहतं, पण तो क्रमांक तुमच्याबरोबर येत नाही. म्हणून पुस्तक स्वतःच काढत असाल, तर अर्जही स्वतःच करा.

हा क्रमांक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी देते. २०१६ पासून अर्जासाठी ऑनलाइन पोर्टल आहे. स्वतः प्रकाशन करणारा लेखक, प्रकाशन संस्था आणि शैक्षणिक किंवा सरकारी संस्था अर्ज करू शकतात. आधी खातं उघडून आपला प्रकार निवडायचा, मग पुस्तकाची माहिती भरायची. लेखकाला ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि मुखपृष्ठाची प्रत तयार ठेवावी लागते. संस्थेला तिच्या नोंदणीचे कागदही लागतात. अपलोड करण्यापूर्वी शीर्षक नीट ताडून पाहा. मुखपृष्ठावर ‘आठवणीतलं गाव’ आणि अर्जात ‘आठवणीतील गाव’ असा फरक राहू देऊ नका, कारण पुढे ग्रंथालयं आणि विक्रेते त्याच नोंदीवरून पुस्तक शोधतात.

सर्वाधिक गोंधळ होतो तो आवृत्तीच्या स्वरूपावरून. छापील पुस्तकाचा क्रमांक ई-पुस्तकाला चालत नाही. ईपब (ई-पुस्तकांसाठीचा फाइल-प्रकार) आणि पीडीएफ अशा दोन्ही फाइल वेगवेगळ्या विकणार असाल, तर त्यांनाही स्वतंत्र क्रमांक हवेत. नुसती किंमत बदलली किंवा चार शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या, तर जुनाच क्रमांक राहतो. मजकुरात मोठी भर घातली की नवा घ्यायचा. किंडलवर ई-पुस्तक टाकायला आयएसबीएन सक्तीचा नाही, तिथे ॲमेझॉन स्वतःचा ओळखक्रमांक देतं. पण तो फक्त ॲमेझॉनपुरता. पुस्तक इतर दुकानांत आणि ग्रंथालयांत जावं असं वाटत असेल, तर आयएसबीएन घ्याच.

दिवाळी अंक काढणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. नियतकालिकासाठी आयएसएसएन हा वेगळा क्रमांक असतो आणि त्याचं केंद्रही वेगळं आहे. डायरी, कॅलेंडर, जाहिरात पुस्तिका यांनाही आयएसबीएन मिळत नाही.

क्रमांक हातात आला की तो १३ अंकी आहे ना, हे पाहा. १० अंकी क्रमांकांची पद्धत १ जानेवारी २००७ पासून बंद झाली. शेवटचा अंक तपासणीचा असतो: डावीकडून प्रत्येक अंकाला आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, म्हणजे क्रमांक ९७८ ने सुरू होत असेल तर ९ ला १ ने, ७ ला ३ ने, ८ ला १ ने, याप्रमाणे तेराव्यापर्यंत. बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. नाही गेला, तर टाइप करताना कुठेतरी अंक चुकला आहे. एवढं झालं की क्रमांक ई-पुस्तकाच्या श्रेयनामाच्या पानावर टाका आणि ईपबच्या मेटाडेटातही (फाइलमध्ये नोंदवलेल्या पुस्तकाच्या माहितीतही) भरा. ही दुसरी जागा बरेचदा राहून जाते.

आयएसबीएन मिळाला म्हणजे कॉपीराइटची नोंदणी झाली, असं नाही. कॉपीराइटचा हक्क लिहिताक्षणीच लेखकाचा होतो, पण नोंदणी असली तर वादात पुरावा म्हणून उपयोगी पडते. त्यासाठी कॉपीराइट कार्यालयाकडे फॉर्म १४ वेगळा भरावा लागतो. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.